व्ही-क्रॉस ४×४ खाली घ्यायची आहे: पुढे किती, मागे किती?

हौदा_रिकामा

नमस्कार मंडळी.

गाडी इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २.५ डिझेल, मॅन्युअल, ४×४, २०१७ चं मॉडेल. टायर २५५/६५ आर१७. पुढे कंपनीचे कॉइल, मागे कंपनीचेच पाटे (लीफ स्प्रिंग). सस्पेन्शनमध्ये आजवर काहीही बदललेलं नाही.

गाडी दोन इंच खाली घ्यायची आहे. कारणं तीन. हौद्यात दोन मोटारसायकली चढवाव्या लागतात आणि फाळका जमिनीपासून ८४० मि.मी. वर येतो. घरातल्या वयस्कर माणसांना चढता-उतरताना त्रास होतो. आणि हौदा रिकामा असला की शंभरच्या पुढे मागची बाजू नाचते.

दोन गॅरेजांत विचारलं. एक म्हणतो, पुढचे स्प्रिंग दीड राउंड कापू आणि मागे दोन इंची ब्लॉक टाकू, अर्ध्या दिवसाचं काम. दुसरा म्हणतो, मागे ॲक्सल फ्लिप करू (पाट्याखालचा ॲक्सल पाट्याच्या वर) आणि पुढे डिफ ड्रॉप लागेल (पुढचा डिफरन्शियल, म्हणजे डिफ, खाली आणणं).

४×४ मात्र शाबूत हवं. पावसाळ्यात शेताच्या रस्त्याला फोर-लो (चारही चाकांना ताकद, हळू गिअरमध्ये) टाकावाच लागतो. सीव्ही जॉइंट (पुढची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचे सांधे) आणि प्रोपेलर शाफ्टचं काय होईल? दोघांपैकी कुणाचं ऐकू?

---

पाटा_पासिंग

दोघांचंही नको.

पहिल्याला एवढंच विचारा की ब्लॉक नक्की कुठे बसवणार. व्ही-क्रॉसला पाटा ॲक्सलच्या वर बसतो. यू बोल्ट वरून खाली येतात आणि ॲक्सल पाट्याच्या पोटाला आवळला जातो. पाटा आणि ॲक्सलचा पॅड (पाट्याची बैठक) यांच्यामध्ये दोन इंची ब्लॉक घातला, तर चेसिस दोन इंच वर जाईल! ब्लॉकने गाडी खाली येते ती ॲक्सल पाट्याच्या वर बसलेला असतो तेव्हा, म्हणजे बऱ्याच टू-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये असते तशी मांडणी असेल तर. इंटरनेटवर मिळणारे ‘लोअरिंग ब्लॉक’ त्या गाड्यांसाठी असतात. अमेरिकेतल्या फोर्ड एफ-२५० सारख्या ४×४ गाड्यांत कंपनीनेच उंचीसाठी ब्लॉक दिलेला असतो. तिकडचे लोक ‘ब्लॉक काढून गाडी खाली केली’ म्हणतात ते यामुळे. तुमच्या गाडीत काढायला ब्लॉकच नाही.

दुसऱ्याचा फ्लिप करता येतो, पण हिशोब बघा. ॲक्सल पाट्याच्या खालून वर नेला की ॲक्सलच्या नळीची जाडी, पाट्यांच्या थप्पीची जाडी आणि पॅड, एवढ्याने गाडी खाली येते. तेच पाच ते सहा इंच झाले. मग ॲक्सलची नळी चेसिसच्या दांड्याला लागते, दांडा कापून वरून कमान वेल्ड करावी लागते, शॉकअपचे ब्रॅकेट हलवावे लागतात. शो-कारसाठी ठीक आहे. दोन मोटारसायकली घेऊन घाट चढणाऱ्या गाडीत चेसिस कापू नका.

मागच्या बाजूसाठी तुमच्यापुढे खरे दोनच मार्ग आहेत.

एक, आखूड शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी). मागचा शॅकल चेसिसला टांगलेला आहे, म्हणून तो आखूड केला की गाडी खाली येते. (लांब केला की वर जाते. याचंही उलट ऐकायला मिळतं.) पण शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असल्यामुळे जेवढा आखूड कराल त्याच्या निम्मंच ॲक्सलवर दिसतं. ४० मि.मी. आखूड केला तर गाडी २० मि.मी. खाली. शिवाय पाटा दबला की लांबतो आणि ती लांबी शॅकलने मागे झुलून सामावून घ्यायची असते. फार आखूड शॅकल लवकर आडवा होतो, मग पाटा लांबायला जागा राहत नाही आणि खड्ड्यात काठी आदळल्यासारखा टणक ठोका बसतो. आणखी एक, पाट्याचा मागचा डोळा वर गेला की ॲक्सल पुढे झुकतो आणि पिनियनचं नाक (डिफचं पुढचं टोक, जिथे प्रोपेलर शाफ्ट जोडतो) खाली जातं. डोळ्यापासून डोळ्यापर्यंत १२५० मि.मी. धरलं तर ५० मि.मी. फरकाला सव्वादोन अंश. तेवढ्यात साठ-सत्तरच्या वेगाला प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसची घरघर सुरू होऊ शकते. मग पाचर लावून दुरुस्ती. पाटा वर आणि पॅड खाली या मांडणीत पिनियनचं नाक उचलायचं तर पाचरीची जाड बाजू मागे येते.

दोन, पाट्यांची कमान कमी करून घेणे. माझं मत याला. कमान दोन्ही अर्ध्यांत सारखी उतरते, त्यामुळे पिनियनचा कोन जवळपास तसाच राहतो. पाट्यांची संख्या आणि जाडी तीच, म्हणून ताकदही तीच. यू बोल्टची लांबीसुद्धा बदलत नाही. ३५ मि.मी. कमान उतरवली तर पाट्याची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी १२ ते १५ मि.मी. वाढते. शॅकल तेवढा मागे झुलतो, तेवढं त्याला पचतं.

हे काम पाटेवाल्याकडेच करा, आणि समोर उभं राहून करून घ्या. पाटे थंड असतानाच प्रेसवर किंवा घणाखाली उतरवायचे. कुणी गॅसचा टॉर्च हातात घेतला तर पाटे उचला आणि घरी या. पाट्याचं पोलाद साडेचारशे-पाचशे अंशांना टेम्पर केलेलं असतं. टॉर्चने लाल झालं की त्या जागचं टेम्पर गेलं. तो पाटा काही महिन्यांत बसतो किंवा तिथेच तुटतो. प्रत्येक पाटा सुटा करून दोन्ही बाजू वायर ब्रशने घासा आणि सेंटर बोल्टच्या भोकाभोवती चीर आहे का ते नीट बघा. पाटे तुटतात ते बहुतेक तिथूनच. बसवताना सेंटर बोल्ट नवा, यू बोल्ट आणि नट नवे. एकदा ताणून आवळलेला यू बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. यू बोल्ट आडवे-तिडवे, थोडे थोडे करत मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, आणि ५०० कि.मी.नंतर परत एकदा. रंग आणि गंज दबून ते सैल झालेले असतातच.

एखादा पाटा काढून टाका असंही कुणी सांगेल. गाडी खाली येईल, मऊही होईल, पण क्लच सोडताना ॲक्सल पाट्यासकट पिळेल. ३२० न्यूटन-मीटर टॉर्क फोर-लो मध्ये कितीतरी पटीने ॲक्सलवर येतो, तिथे पाटा कमी करून चालणार नाही.

---

कॅम्बर_कट्टा

पाटा_पासिंग यांनी मागचं सांगितलंय, मी पुढचं सांगतो.

४×४ मध्ये पुढे एक गोष्ट लक्षात घ्या. पुढचा डिफ चेसिसला टांगलेला आहे. गाडी पुढे ३० मि.मी. उतरवली की डिफ आणि खालची स्किड प्लेट पूर्ण ३० मि.मी. खाली येतात. मागचा डिफ ॲक्सलवर आहे, तो टायर बदलल्याशिवाय एक मिलिमीटरही हलत नाही. म्हणून मागे कितीही उतरवलं तरी दगडांवरून जाताना मागच्या डिफला फरक नाही, पुढे मात्र जेवढं उतरवाल तेवढी किंमत द्यायची.

सीव्हीची काळजी लोक उलटी करतात. कंपनीच्या उंचीला पुढचे शाफ्ट डिफकडून चाकाकडे थोडे खाली उतरलेले असतात. गाडी खाली आली की ते आडव्याच्या जवळ येतात, कोन कमी होतो, जॉइंटला बरंच वाटतं. डिफ ड्रॉप लागतो तो गाडी वर उचलल्यावर. खाली घेताना डिफ आणखी खाली आणायचं काहीच कारण नाही, ते ऐकून मला हसू आलं. मात्र बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) तपासून घ्या. या गाडीत टू-हाय मध्येही, म्हणजे फक्त मागची चाकं गाडी ढकलत असतानाही, शाफ्ट चाकाबरोबर फिरत राहतात. फाटका बूट ‘४×४ वापरतच नाही’ म्हणून सोडून दिला, तर जॉइंट तरीही जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: बंप रबर (चाक फार वर गेलं की त्याला अडवणारा रबरी ठोकळा) कापू नका. जोवर बंप रबर मूळचे आहेत, तोवर चाक वर जाऊन जास्तीत जास्त जिथे पोहोचायचं तिथेच पोहोचतं. सीव्ही, टाय रॉड, फेंडर, शॉकअप, सगळं कंपनीने त्या टोकापर्यंत तपासलेलं आहे. रबर अर्धं कापलं की चाक नव्या जागी जायला लागतं. तिथे शॉकअप आतून तळाला लागेल की टायर लायनरला, हे कुणी तपासलेलं नाही. म्हणून ‘किती इंच’ हा प्रश्नच बाजूला ठेवा. उतरवल्यावर रबरापर्यंत किती जागा उरते ते विचारा.

स्प्रिंग कापण्याबद्दल. दीड राउंड कापला की तीन गोष्टी होतात. उरलेला स्प्रिंग कडक होतो, कारण कमी राउंड म्हणजे जास्त कडकपणा. कापलेलं टोक सीटच्या खाचेत बसत नाही, ते एका बिंदूवर टेकतं आणि सीट खातं. आणि चाक लटकलं की स्प्रिंग सैल होतो. तुमचा स्प्रिंग शॉकअपवर चढवलेला आहे, तो पूर्ण सुटलेल्या अवस्थेतही थोडा दाबलेला असायला हवा. तो दाब संपला की स्पीड ब्रेकर उतरताना ‘टण्’ असा आवाज येतो, आणि एखाद्या वेळी स्प्रिंग सीटवरून सरकतो.

त्यामुळे आखूड स्प्रिंग बनवून घ्या किंवा विकत घ्या, पण मापाने. पुढच्या सस्पेन्शनच्या खालच्या हाताला (आर्मला) शॉकअप मध्येच कुठेतरी जोडलेला आहे, टोकाला नाही. म्हणून चाक ५० मि.मी. हलतं तेव्हा शॉकअप साधारण त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त हलतो. हे प्रमाण स्वतः मोजा: चाक काढा, चेसिस स्टँडवर ठेवा, खालच्या हाताखाली जॅक लावून हब ५० मि.मी. उचला, आणि शॉकअपच्या वरच्या-खालच्या बोल्टमधलं अंतर किती घटलं ते टेपने घ्या. मग चाकाला ३० मि.मी. उतरवायचं असेल तर त्या प्रमाणात स्प्रिंगची उंची घटवायची.

आणखी तीन मापं आणा:

हबच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंत, चारही चाकांना. जमिनीपासून नको, टायरची हवा त्यात घोळ घालते.

पुढे बंप रबर आणि त्याच्या ठोकरीतली फट, आणि हब ५० मि.मी. उचलल्यावर ती फट किती कमी होते.

मागे ॲक्सल आणि बंप रबरातली फट, रिकाम्या हौद्याला. मग ॲक्सलच्या बरोबर वर सिमेंटच्या ५० किलोच्या चार गोण्या ठेवून किती दबते.

---

घाटरस्ता

मी जरा उलटं विचारतो. हे तुम्हाला करायचंच आहे का?

मोटारसायकलचा प्रश्न रॅम्पचा आहे. फाळका ८४० वर, रॅम्प २ मीटरचा असेल तर चढ २४.८ अंशांचा. गाडी ५० मि.मी. उतरवली तर २३.३. गाडी आहे तशी ठेवून रॅम्प २.४ मीटरचा घेतला तर २०.५! दीड अंशासाठी सस्पेन्शन उघडण्यापेक्षा ४० सें.मी. लांब रॅम्प घ्या.

वयस्कर माणसांसाठी साइड स्टेप. दोन इंचांनी त्यांच्या गुडघ्याला काही फरक पडणार नाही, मधल्या पायरीने पडेल.

आणि मागची बाजू नाचते ती उंचीमुळे नाही. २०१७ ची गाडी, मागचे शॉकअप मूळचेच असतील तर ते आधी बघा. तेल पाझरून बाहेर धूळ चिकटलेली दिसतेय का? रिकाम्या हौद्याला मागच्या टायरमध्ये माल भरल्याची हवा ठेवली असेल तरी असंच नाचते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर रिकामी आणि भरलेली असे हवेचे दोन आकडे बहुधा असतात, ते बघून हवा कमी-जास्त करा.

कायद्याचंही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडी कंपनीच्या मूळ तपशिलापासून बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं. त्यात बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आरसीवर उंचीचा रकाना नाही म्हणून आपण सुटलो असं समजणारे पुष्कळ आहेत. भांडण उभं राहतं ते अपघातानंतर, विमा कंपनीच्या सर्व्हेअरने कापलेला स्प्रिंग बघितला की. काही करणार असाल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा.

---

कॅम्बर_कट्टा

रॅम्पचं गणित मान्य, शॉकअपचंही. पण त्यांना खाली घ्यायचीच असेल तर बिनचूक घ्यावी, एवढंच माझं म्हणणं.

टायरचा एक पर्याय राहिला. २५५/६५ आर१७ चा व्यास ७६३ मि.मी. २५५/६० आर१७ घेतला तर ७३८, म्हणजे गाडी साडेबारा मि.मी. खाली आणि सस्पेन्शनच्या कोनांना हातही नाही. मागचा डिफ खाली येण्याचा हा एकच मार्ग आहे, ते लक्षात ठेवून घ्या. स्पीडोमीटर साधारण साडेतीन टक्के जास्त दाखवेल. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळच्यापेक्षा कमी नको. आणि चारही एकदम बदला. पुढे-मागे वेगळ्या व्यासाचे टायर घालून फोर-हाय टाकलं की दोन ॲक्सल एकमेकांशी भांडतात. ट्रान्सफर केसमध्ये (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीत) मधला डिफ नाही, तो फरक कुठेच जिरत नाही.

---

टॉर्शन_बार

मधेच विचारतो, माफ करा. जुन्या स्कॉर्पिओच्या ४×४ सारखं पुढे कॉइलऐवजी टॉर्शन बार असेल तर काम सोपं ना? बोल्ट सोडला की झालं?

---

पाटा_पासिंग

सोपं आहे, पण ‘झालं’ म्हणण्याइतकं नाही. दोन्ही पुढची चाकं हवेत घ्या. बोल्टवर आणि चेसिसवर खुणा करा, दोन्ही बाजूंना सारखेच फेरे सोडा, एका वेळी दोन. मग गाडी खाली घेऊन दहा-पंधरा मीटर पुढे-मागे फिरवा आणि त्यानंतरच मोजा. उचललेली गाडी टायर बाजूला घासल्याशिवाय खाली बसत नाही, त्यामुळे लगेच घेतलेलं माप खोटं असतं. बोल्ट सोडल्याने बार मऊ होत नाही, फक्त बसण्याची उंची बदलते. म्हणजे उंची कमी आणि कडकपणा तोच, तेव्हा बंप रबर लवकर लागणारच. बंप रबराची फट तिथेही आधी मोजा.

---

हौदा_रिकामा

घाटरस्ता, तुमचं रॅम्पचं गणित दाखवून घरात माझी फजिती झाली. रॅम्प नवा घेतोय आणि साइड स्टेपही. मागचे शॉकअप पाझरलेले आहेत, ते बदलायचेच. तरीही थोडी खाली घ्यायची इच्छा आहे.

मापं ही घ्या, टाकी अर्धी, हौदा रिकामा:

हबपासून फेंडरपर्यंत पुढे डावी ५१५, उजवी ५०८. मागे डावी ५६०, उजवी ५५७.

पुढे हब ५० मि.मी. उचलल्यावर शॉकअप २८ मि.मी. दबला. बंप रबराची फट ३८ होती, ती १३ झाली.

मागे बंप रबराची फट ११५. चार गोण्यांनी २२ मि.मी. दबलं.

---

कॅम्बर_कट्टा

छान मोजलंय. उजवी बाजू थोडी खाली आहे, एवढ्या फरकाची चिंता नको. पण आखूड स्प्रिंग दोन्हीकडे एकाच उंचीचे घ्या, फरक साधायला एक जास्त आखूड नको.

आधी मागचं. २०० किलोला २२, म्हणजे दोन मोटारसायकलींच्या ३०० किलोला ३३. मागे दोन माणसं बसली की आणखी १० धरा. एकूण ४३. तुम्ही म्हणता ती ५० उतरवली तर ११५ वजा ५० वजा ४३, उरले २२ मि.मी. पहिल्याच स्पीड ब्रेकरला रबर लागणार. ३५ उतरवली तर ३७ उरतात. घाटात ते सुसह्य आहे. मागे ३५ च्या पुढे जाऊ नका. भार नेहमीच याहून जास्त असेल तर पाट्यावर हवेचे फुगे बसवता येतात, पण मग रिकामं असताना त्यात कमीत कमी हवा ठेवायची शिस्त लागते.

पुढचं. चाक ५० हललं की फट २५ ने घटते, म्हणजे तुमच्या ३८ च्या फटीतून चाकाला वर जायला ७६ मि.मी. मिळतात. ३० उतरवली तर ४६ उरतात. मी ३० वरच थांबेन. शॉकअपचं प्रमाण २८ भागिले ५०, म्हणजे ०.५६. म्हणून स्प्रिंगची बसलेली उंची ३० गुणिले ०.५६, सुमारे १७ मि.मी. घटवायची. कडकपणा मूळचाच ठेवा. शॉकअप पूर्ण सुटल्यावर स्प्रिंग मूळचा किती दाबलेला होता ते खोलताना मोजून ठेवा. मूळचा दाब ४० असेल तर १७ वजा जाऊन २३ उरेल, चालेल. २० असेल तर ३ उरतो, मग वेगळा शॉकअप लागेल.

३० आणि ३५ या जोडीने मागची बाजू रिकामी असताना पुढच्यापेक्षा ४० मि.मी. उंच राहते. मूळ फरक ४५ होता. भरल्यावर पुढे-मागे जवळपास सपाट. हा उतार सगळा काढून रिकामी गाडीच सपाट दिसावी अशी हौस असते लोकांना. मग माल भरला की नाक वर आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात.

पुढचं खोलताना क्रम असा ठेवा. दोन्ही बाजूंचे स्टॅबिलायझर लिंक सोडा, एकच सोडला तर दुसरा ताणतो. एबीएसची वायर क्लिपमधून काढा. वरचा बॉल जॉइंट सोडण्याआधी खालच्या हाताला जॅकचा आधार द्या आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) तारेने बांधा, ब्रेकच्या पाइपवर लटकू देऊ नका. नकल बाहेर कलंडली की सीव्हीचा आतला जॉइंट बाहेर खेचला जातो. शॉकअप बाहेर काढल्यावर मधला नट सोडण्याआधी स्प्रिंग कंप्रेसर दोन्ही बाजूंनी लावून स्प्रिंग सीटवर मोकळा फिरतोय याची खात्री करा. कंप्रेसरचे हुक समोरासमोर हवेत. यात घाई करणाऱ्याचा जबडा फुटतो.

आणि बुश. खालच्या हाताचे बोल्ट, पाट्याच्या डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना अर्धवटच आवळा. चाकं लावा, गाडी जमिनीवर घ्या, बंपरवर दोन-चार वेळा दाबा, आणि मग पूर्ण टॉर्कला घट्ट करा. रबर बुश नळीला चिकटलेला असतो. हवेत घट्ट केला तर नव्या उंचीला तो कायम पिळलेला राहतो, गाडी ५-७ मि.मी. वरच अडकते आणि वर्षभरात बुश फाटतो. नवा पाटा, नवा स्प्रिंग असूनही गाडी एका बाजूला वर दिसते तेव्हा दहातल्या नऊ वेळा कारण हेच असतं.

अलाइनमेंट लगेच नको. शंभर-दोनशे कि.मी. चालवून बसू द्या, मग करा. खाली आल्यावर कॅम्बर (चाकाचा उभा कल) निगेटिव्हकडे जातो, म्हणजे चाकाचं वरचं टोक आत झुकतं, आणि टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत) बदलतो. टायरची आतली कड खाल्ली जाते ती बहुतेक टोमुळे, कॅम्बरवर उगाच खापर फुटतं. अलाइनमेंटवाल्याला पहिली आणि नंतरची, दोन्ही प्रिंट मागा.

---

पाटा_पासिंग

एक राहिलं. पाटेवाल्याला ३५ सांगू नका, ३० सांगा. उतरवलेला संच पहिल्या महिन्यात भार पडून चार-पाच मि.मी. आपोआप बसतो. आणि दोन्ही संच एकावर एक उलटे ठेवून कमान जुळवून घ्या, ३ मि.मी.पेक्षा जास्त फरक दिसला तर परत प्रेसवर.

शिवाय चेसिस आणि मागचा ॲक्सल यांच्यामध्ये दांडीने जोडलेला लोड सेन्सिंग ब्रेक व्हॉल्व्ह आहे का ते वाकून बघा. बऱ्याच पिकअपना असतो. असेल तर गाडी खाली आली की त्याला वाटतं हौदा भरलाय, तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो आणि ओल्या रस्त्यावर रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी लॉक होतात. त्याची दांडी मॅन्युअलप्रमाणे नव्या उंचीला लावून घ्यायची. ईबीडी (ब्रेकचा दाब पुढे-मागे वाटणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत बहुधा तो नसतो, पण बघायला टॉर्च आणि दोन मिनिटं पुरतात.

---

हौदा_रिकामा

बघितलं, दांडी नाही. मग पुढे ३०, मागे पाटेवाल्याला ३०, शॉकअप नवे, ब्लॉक आणि डिफ ड्रॉप रद्द. मागचे नवे शॉकअप मूळ लांबीचेच घेऊ ना?

---

पाटा_पासिंग

हो. फक्त घेण्याआधी शॉकअप पूर्ण दाबून त्याची बंद लांबी मोजा, आणि गाडीवर ॲक्सल बंप रबराला टेकलेला असताना दोन ब्रॅकेटमधलं अंतर घ्या. बंद लांबी त्या अंतरापेक्षा किमान १५ मि.मी. कमी हवी, कारण रबर टेकल्यावरही दबतं. तेवढी जागा नसेल तर शॉकअपच बंप स्टॉपचं काम करेल आणि वरचं ब्रॅकेट फाडेल.